चौथ्या कलमातली दुरुस्ती

६ ऑक्टोबर, रविवार
गेलं सगळं! सकाळभर घटस्फोटाच्या करारात दुरुस्त्या करत बसले होते आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. फाइल उघडली तर जुनीच. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. भांडी घासली.

७ ऑक्टोबर
शुक्रवारी नोंदणी कार्यालयात सह्या. पुन्हा लिहायचं तर सगळं पुन्हा मनात आणावं लागेल — नको. पो-श्युनलाच बोलावलं. कंपनीत तो हेच करतो, लोकांच्या हरवलेल्या फायली शोधतो. घटस्फोटाचा कागद नवऱ्याकडूनच शोधून घ्यायचा! आई फोनवर म्हणाली, "जनाची नाही, निदान मनाची तरी ठेव!" दोन्ही संपल्यात, म्हटलं.

८ ऑक्टोबर
पो-श्युन आला. लॅपटॉपशेजारचं हिरवं खाऊचं पाकीट रिकामं! मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे तैनानमध्ये कोण ते ठेवत नाही?
"हे फोडलं कुणी?"
"मी," युन-छिंग म्हणाली. "त्याची तारीख संपत आली होती, बाबा."
"मग मशीन रुसणारच की!"
बापलेक हसली. मी नुसती बघत राहिले.
त्याला एक आपोआप राखलेली प्रत सापडली. माझ्या सगळ्या दुरुस्त्या लाल रंगात, खोडलेलंही दिसत होतं. चौथं कलम — 'मुलगी युन-छिंग आईकडे राहील.' ते अख्खं वाक्य खोडून मी लिहिलं होतं, 'मुलगी वडिलांकडे राहील.'
"हे तू लिहिलंस?"
"हो."
"का गं?"
"मला हल्ली कशाचं काही वाटतच नाही. असल्या आईकडे तिने का राहावं?"
तो उठला. मग जोडे घालताना म्हणाला, "बरं. फाइल पाठव, शुक्रवारी छापून आणतो."

९ ऑक्टोबर
भात करपला. फाइल पाठवायची राहिली.

१० ऑक्टोबर
आज शाळेला सुट्टी. युन-छिंग पहिलीत, फारसं वाचता येत नाही; स्वतःचं नाव येतं. लॅपटॉप उघडाच राहिला होता.
"आई, माझ्या नावावर लाल रेघ कुणी मारली?"
"मी."
"माझं काय चुकलं?"
रडले! तिच्यादेखत, भोकाड पसरून. तिला घट्ट धरलं. मग पो-श्युनला फोन केला — मुलगी माझ्याकडेच राहील.
"मग तसं लिही," तो म्हणाला. "आणि या वेळी सेव्ह कर, बाई."