अक्काला मागणी

धुळे, ४ मे १९८६

ती. नर्मदाअक्का हिस,
धाकट्या देवचंदचा सविनय जयभीम. वि. वि. आम्ही सारे खुशाल. पोरांची परीक्षा आटोपली, आता दिवसभर घर डोक्यावर घेतात.

एक गंमत कळवतो, रागावू नकोस. चाळीसगावचे रेल्वेतले गिरधर तायडे, बायको वारलेले, गेल्या रविवारी घरी आले आणि चक्क तुला मागणी घातली! मी थक्कच झालो. मी म्हणालो, आमची अक्का संत आहे. आई गेल्यापासून आम्हां तिघा भावंडांसाठी तिनं संसाराची इच्छाच सोडली. तिच्याजवळ हा विषय काढणंसुद्धा पाप. बिचारे ओशाळले, माफी मागितली आणि चहा अर्धा टाकून दुपारच्या गाडीनं परतले. विहारातल्या आयाबायांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले.

प्रकृतीस जप. पोरांवरचा तुझा जीव असाच असू दे.
तुझा देवचंद

जळगाव, ९ मे १९८६

चि. देवचंद यास,
अ. आ. पत्र वाचून शिलाई मशीन बंद करून बसले, ती संध्याकाळपर्यंत.

त्यांना मीच पाठवलं होतं रे. वर्षभर ते बहिणीकडे येतात, ती माझ्या शेजारी राहते. माझ्या हातची शेवभाजी खातात, मी नकला केल्या की पोट धरून हसतात. फैजपूरच्या बाजारात मला चपला घेताना भाव करायला उभे राहिले होते. त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. पण घरात वडीलधारं कोणी उरलं नाही, मागणी रीतीनं पुरुषमाणसाकडे जावी, तुझा मान राहावा, म्हणून म्हटलं धुळ्याला जा, मी पाठवलं हे मात्र बोलू नका.

इच्छा सोडली असं मी कधी म्हटलं? तुमच्या शाळा, तुमची लग्नं, तुझ्या बायकोची, बेबाची दोन बाळंतपणं, यात विचारायला कुणाला सवड झाली नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. तुम्ही संत म्हणायला लागलात तशी मला रागवायची, रुसायचीही चोरी झाली. संत म्हटलं की त्या बाईला काही लागतच नाही, नाही का? मी काय दगड शे का? अडतीस वर्षांची आहे मी. नवी साडी नेसले की कुणीतरी बघावं असं मलाही वाटतं.

लगेच चाळीसगावला जा आणि माझा होकार सांग. बेबाला आणि पोरांना जवळ घेऊन माझी आठवण सांग.
अक्का

धुळे, २० मे १९८६

ती. अक्कास,
जयभीम. कसं लिहू कळत नाही. गिरधररावांना दोनदा भेटलो. मी उगाच वाढवून बोललो, अक्का तुमच्या-आमच्यासारखीच आहे, असं हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, ‘तुमचं ऐकल्यापासून त्यांच्याकडे तसं बघवत नाही. मी कधी घोटभर घेणारा, तापट माणूस. उद्या आवाज चढवला तर जन्मभर मनाला खाईल.’ पहूरच्या स्थळाला त्यांनी होकार कळवला आहे. तुझ्या पायांना नमस्कार सांगितला आहे.

बेबा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. माझं चुकलं, अक्का. तुझं मन मोठं आहे, तू क्षमा करशीलच. माया पातळ होऊ देऊ नकोस.
देवचंद

जळगाव, २४ मे १९८६

चि. देवचंद यास,
अ. आ. माझं मन मोठं नाही. क्षमा केलेली नाही, कधी होईल तेही सांगता येत नाही. पोरांना सुट्टीत पाठव, त्यांच्याबरोबर बेबाला पाठव. तू इतक्यात येऊ नकोस.

आज गल्लीतली ताईबाई नव्या सुनेला घेऊन माझ्या पाया पडायला आली. सुनेला म्हणाली, अक्कांसारखी हो. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, ‘माझ्यासारखी मुळीच होऊ नकोस गं.’

तेव्हापासून ताईबाई गल्लीभर सांगत फिरते आहे, अक्कांचा विनय बघा.

तुझी बहीण,
नर्मदा