गवत मधून कापायचं

आबा,

आज पुन्हा तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्या गवताबद्दलचं माझं म्हणणं बदललेलं नाही. चूक तुमचीच होती.

एरंडोल रस्त्यावर डाळ मिलच्या शेठचा बंगला, मागे मोठी हिरवळ आणि तुम्ही तिथले माळी. मी अकरावीत असताना शेठने गवत कापायचं ऑटोमॅटिक मशीन आणलं. क्लच दाबला की ते आपलं आपण पुढे चालायचं, तुम्ही नुसता दांडा धरायचा. काय ऐट होती तुमची. कुंपणापासून सुरुवात करून गोल गोल आत यायचात, कारण शेठला ती वळणं आवडायची. त्याआधी आई नि मी विळ्याने कापायचो तेव्हा एका बाजूने सरकत जायचो, म्हणून ससे, सरडे पुढे पळून कुंपणापार व्हायचे. तुमच्या गोलाने त्यांना मधोमध कोंडलं. मी दोनदा सांगितलं, तर म्हणालात, "तू माले शिकाडस का?"

त्या दिवशी शेठचे पाहुणे ओट्यावर चहा घेत बसलेत. मधे खाटेएवढं गवत उरलंय आणि ते हलतंय. मी त्यात जाऊन उभी राहते. तुम्ही क्लच सोडता, मशीन माझ्या पायांपासून हातभरावर थांबतं. पाहुण्यांदेखत तुम्ही ओरडता, "बाजूले सरक, मनी नोकरी जाई." मी हलत नाही. पायाशी दबून बसलेली सशाची दोन पिल्लं ओढणीत घेते आणि सगळ्यांसमोरून कुंपणाकडे चालू लागते. नोकरी गेली नाही, पण महिनाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मीही बोलले नाही.

आता धुळ्यात एका कॉलेजची बाग माझ्याकडे आहे. माझी माणसं आधी काठी घेऊन सगळं गवत फिरून येतात, मग मशीन मधे नेऊन बाहेरच्या बाजूला कापत जातात. वळणं वाकडी येतात, साहेब लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

एक सांगायचं राहिलं. त्या अबोल्याच्या महिन्यात एकदाच, माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "कोनले लागनं नही ना?" मी "नही" म्हटलं. आबा, पिल्लं तीन होती. त्या दिवशी तुम्ही मशीन पुसत होतात, तेव्हा पात्यात सापडलेलं तिसरं मी कापलेल्या गवताबरोबर टोपलीत घालून नेलं आणि कण्हेरीखाली पुरलं. ते तुम्हाला अजूनही कळू नये असं वाटतं, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहू दे.