पस्तीस हवा

शुक्रवार, १२ फेब्रुवारी २०२१, कॉर्क, आयर्लंड

लॉकडाऊनमुळे इथे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी. म्हणून आठवडाभर नकाशे चाळून दुबईतल्या धाकट्या भावासाठी, मंदारसाठी, वाळवंटातली सगळ्यात देखणी वाट मीच निवडली. वर बजावलं, टायरमध्ये हवा बरोब्बर पस्तीस ठेव. पस्तीस! हा तर डांबरी रस्त्याचा आकडा; वाळूत हवा निम्मी करतात.

आज गाडी दोन तास रुतली. मंदारकडे राहायला गेलेल्या सत्तरीच्या बाबांनी हातांनी वाळू उपसली.

मंदारचा फोन आला. "दादा, मित्र हवा काढ म्हणत होते. पण तू वाळूत चालवलीयस ना, म्हणून पस्तीसच ठेवली."

मी "हो" म्हणालो. आजही! वाळूत मी कधी गाडी घातलेली नाही.

मग बाबा फोनवर आले. "वाट मात्र सुरेख निवडलीस हो."

बोलताना त्यांना अजून धाप लागत होती.