चार तासांचा गेम

चिंगीच्या आईस,

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथे गेमच्या व्यसनावर संशोधन चालतं. कोण किती वेळ खेळलं ते नोंदणारी यंत्रं मी जुळवतो. सेकंदाचीही चूक नाही. पण इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस्त्री, नुसत्या तासांवर आजार ठरत नाही. खेळापायी जेवण, अभ्यास, मैत्रिणी सुटल्या का, तेही वर्षभर, हे पाहावं लागतं."

चिंगीचं यातलं काय सुटलंय? तुझ्या पत्रांत तसं काहीच नाही. रोज चार तास खेळते एवढं ऐकून मी तुला इंटरनेटची वायर कापायला लावली. तेव्हापासून ती माझ्याशी फोनवर बोलत नाही.

वायर जोडून घे. तिला सांग, बाबा चुकले. शब्द हेच ठेव, मवाळ करू नकोस.

तुझाच,
चिंगीचा बाबा