माझ्या वाटच्या ओळी

४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

साठी उलटली तरी चिरंजीव लिहिते म्हणून हसू नकोस. आपण जुळे असलो तरी सात मिनिटांनी मोठी मीच. आणि फोनवर माझ्या कानात नुसतं घूं होतं, त्यामुळे पत्रच बरं.

परवा वहिनी जाता जाता ब्लाउजचं कापड टाकून गेली. माझ्याकडे पाचवीच्या मुलींच्या गणवेशांचा ढीग पडलाय, पण तिला नाही कसं म्हणू? मापं घेताना ती बोलून गेली, की आपल्या वर्गाचा मेळावा एकवीस डिसेंबरला शाळेतच भरतोय आणि सगळी सूत्रं ‘आमचे चष्मेवाले’ हलवतायत. चष्मेवाले म्हणजे तूच ना रे? चोरासारखा गप्प का बसलास?

ती गेल्यावर मशीन तसंच ठेवून बसले. पन्नास वर्षांपूर्वीचं एकेक आठवायला लागलं. तेव्हाच्या त्या गाजलेल्या नटासारखे केस कपाळावर पडावेत म्हणून तू साखरेचं पाणी लावायचास आणि प्रार्थनेला उभा राहिलास की डोक्यावर माश्या घोंगावायच्या. च्युइंगमच्या पाकिटातली चित्रं जमवायला एकदा आठ गोळ्या एकदम चघळल्यास, तर तोंड उघडेना. वर्गातल्या झाडून सगळ्या मुली त्याच नटाशी लग्न करणार होत्या. एक टिटवी सोडून. तिला खलनायक आवडायचा, कारण तो निदान वेळेवर येतो, असं तिचं म्हणणं.

टिटवी आणि मी गाणी कशी उतरवून घ्यायचो, आठवतं? बुधवारी संध्याकाळी रेडिओवर नवी गाणी लागायची, तीही एकदाच. एकटीला सगळं गाणं लिहिणं शक्यच नव्हतं. म्हणून पहिली, तिसरी, पाचवी ओळ तिने तिच्या घरी लिहायची आणि दुसरी, चौथी, सहावी मी आपल्या घरी. गुरुवारी मधल्या सुट्टीत दोन्ही वह्या शेजारी ठेवून गाणं जोडायचं. डबा तसाच राहायचा.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. आईचं मन ठिकाणावर राहिलं नाही, दार उघडं दिसलं की ती चालू लागायची. बाबांची पाळीची नोकरी. घरी कोणीतरी बसायला हवं होतं, मी बसले. त्याची तक्रार तेव्हा केली नाही, आताही करत नाही. पण पुढची दोन वर्षं दर बुधवारी मी माझ्या वाटच्या ओळी लिहीत होते. टिटवी येईल आणि तिच्या ओळी भरेल म्हणून मध्ये जागा सोडत होते. ती आली नाही. वर्गातली एकही आली नाही. तो सल अजून गेलेला नाही, तुला तर पाठ झाला असेल.

त्यामुळे मेळाव्याला मी यायचं काही कारण नाही. पण टिटवी येणार असेल तर येईन. एकदासुद्धा का आली नाहीस, एवढंच तिला विचारायचंय. ती येणार का, ते कळव.

मुलांना आशीर्वाद. माया असेल तर उत्तर लवकर धाड.

तुझी
ताई


१२ नोव्हेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मीच कळवणार होतो, राहून गेलं.

गोळ्या आठ नव्हत्या, सहा होत्या. उगाच इतिहास फुगवू नकोस. मला तर शेजारच्या कारकुनांचा टीव्ही आठवतो. रविवारचा सिनेमा लागला की त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत आम्ही एकमेकांच्या मांडीवर. तुला आईजवळून हलता यायचं नाही. म्हणून घरी आलो की मी सगळा सिनेमा तुला करून दाखवायचो, घोड्यांच्या टापांसकट. आई त्या टापांना हसायची. ती हसलेली तेवढीच आठवते.

मेळाव्याचं मात्र मनावर घेऊ नकोस. सहा तासांचा बसचा प्रवास आणि तुझे ते गुडघे. शिवाय तिथे असणार काय, भाषणं आणि फोटो. टिटवीचा काही पत्ता लागलेला नाही. लग्न होऊन कुठे गेली, कोणालाच ठाऊक नाही. उगाच हेलपाटा पडेल. त्यापेक्षा जानेवारीत मीच येतो आणि दोन दिवस राहतो.

तब्येतीला जप. लहान भावावर राग धरू नये.

तुझा
ढब्बू


२० नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

गुडघे माझे आणि कुरकुर तुझी. लहानपणी काही लपवायचं असलं की तू माझी फार काळजी घ्यायचास, म्हणून विचारते, नेमकं काय चाललंय? सगळ्या जगाचे नंबर खिशात घेऊन फिरता आणि एका बाईचा पत्ता लागत नाही? शोध. नाकीडोळी नीटस, आवाज कर्कश, अशी जाहिरात दे.

मी यायचं ठरवलंय. निळी साडी इस्त्री करून ठेवली आणि भांडणही तयार आहे. आधी बोलायचंच नाही, मग खूप बोलायचं, असं दोन भागांत.

काल ट्रंकेतून वही काढली. नववी-दहावीच्या वर्षांची गाणी वाचून हसावं की रडावं कळेना. एका गाण्यात चौथी ओळ आहे, ‘म्हणून दार लावलं नाही’. का लावलं नाही, ते तिसऱ्या ओळीत असणार, आणि तिसरी टिटवीकडे. पन्नास वर्षं मला ते माहीत नाही. तिने बुधवारी रेडिओ लावायचं सोडलं असेल तर तेही मला एकदाचं कळू दे.

वहिनीचा ब्लाउज तयार आहे, हाताला थोडा सैल ठेवलाय, तिला सांग. उत्तर खरं लिही, मग ते कसंही असो.

तुझी
ताई


३ डिसेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानात बसून लिहितोय. गिऱ्हाईक आलं की पेन खाली ठेवता येतं, तेवढंच बरं वाटतं.

टिटवी गेली, ताई. तीन वर्षं झाली, काविळीचं निमित्त झालं. मेळाव्याची यादी करतानाच मला कळलं होतं. पत्ता लागला नाही, असं मी तुला खोटं लिहिलं.

पण त्याआधीचं एक खोटं आहे. नववीच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना सरांनी तुझं नाव पुकारलं. कोणी ओ देईना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही, असं बाबांनी बजावलेलं. सगळा वर्ग वळून बघत होता. मी सांगितलं, की तिला मामाकडे पाठवलंय, तिकडच्याच शाळेत घातलंय. सरांनी तुझं नाव खोडलं आणि पुढचं पुकारलं.

टिटवीने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. रोज मधल्या सुट्टीत तुझा पत्ता मागायची. मामांना पत्रं आलेली चालत नाहीत, असं मी ठोकून दिलं. सहामाही संपल्यावर एक दिवस ती वही घेऊन आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली. मी तिला कोपऱ्यावरच गाठलं आणि म्हणालो, की घराला कुलूप आहे, सगळे गावाला गेलेत. तिथून आपली खिडकी दिसत होती. तू आत होतीस. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. पुन्हा आली नाही. तू न सांगता निघून गेलीस म्हणून तीच तुझ्यावर रुसली होती.

रविवारी तिच्या यजमानांना भेटून आलो. निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एकटेच असतात. वहीचं विचारलं, तर घर बदलताना रद्दीत गेली म्हणाले. मग आपणहून सांगायला लागले, की ती भाजी चिरताना गुणगुणायची. एक ओळ म्हणायची, मग गप्प, मग पुढची एक. हिला एक गाणं धड येत नाही म्हणून मुलं चिडवायची. ती म्हणायची, की मधली ओळ माझ्याकडे नसते. त्यांना याचा अर्थ कधीच कळला नाही. मला कळला, पण त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. चहा तसाच ठेवून उठलो.

तू आलीस तर सगळे मामाकडच्या शाळेचं विचारतील, या भीतीने तुला टाळत होतो. आता मीच जाणार नाही. तुला जावंसं वाटलं तर जा आणि खुशाल सगळं खरं सांग. माझी लाज राखू नकोस.

माफ करशील का, हे विचारायलाही तोंड नाही. तरी विचारतो.

तुझा
ढब्बू


२८ डिसेंबर

चि. ढब्बूस,
अ. आ.

पत्र आलं त्या दिवशी काम केलं नाही. शाळेचा माणूस गणवेश न्यायला आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. टिटवीसाठी रडले. जन्मभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत आले आणि तिने काही केलेलंच नव्हतं. आता तिची माफी कुठे मागू?

मेळाव्याला मी गेले. तू खरंच आला नाहीस. आपला वर्ग तोच आहे, बाक मात्र लोखंडी झालेत. बसायच्या आत सगळ्यांनी घेरलं आणि मामाकडची शाळा कशी होती, हेच आधी विचारलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एकीने माझे हात धरले आणि म्हणाली, की आम्हाला तुझा किती हेवा वाटायचा, नवं गाव, नवी शाळा. मग माझ्याच्याने सांगवेना. त्या वर्गात आईचं नाव निघू नये, असंही वाटलं.

आपल्याला मामाच नाही रे, ढब्बू. खोटं बोलताना निदान असलेलं माणूस तरी घ्यायचंस. मला त्या मामाला मिशांपासून उभं करावं लागलं. तापट पण प्रेमळ केला. शाळा नदीपलीकडे ठेवली, जायला होडी. गॅदरिंगला मी राणी झाले आणि मुकुट घसरून डोळ्यांवर आला, असं सांगितलं. विज्ञानाच्या बाईंची मी लाडकी. दहावीला पहिल्या पाचांत. त्या हसत होत्या आणि मी सांगत होते. अर्ध्या तासात माझी नववी-दहावी झाली. इतकं छान वाटलं की काय सांगू. बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं की यातलं काहीच घडलेलं नाही, आणि सहा तास पदर तोंडात धरून बसले. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं.

माफीचं विचारलंस. त्या तेरा वर्षांच्या पोराला मी पत्र वाचता वाचताच माफ केलं. बाबांचा धाक, वर्ग बघतोय, त्याला दुसरं काय सुचणार? त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

पण पुढे मोठा झालेल्या माणसाचं काय करायचं, ते मला कळत नाही. तू दर वर्षी माझ्याकडे आलास, माझ्या हातचं जेवलास. आणि दर वर्षी मी तुला म्हणायचे, की एकही आली नाही रे. तू मान खाली घालून ऐकायचास. मला वाटायचं, माझ्यासाठी भावाचा जीव तुटतोय. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती होती. एका पत्राचं काम होतं, ढब्बू.

जानेवारीत येऊ नकोस. मी बोलावेन तेव्हा ये. वहिनीचा ब्लाउज पोस्टाने पाठवलाय.

लोभ वाढावा, असं या वेळी लिहवत नाही. आहे तो जाता जात नाही, त्याचंच रडू येतं.

तुझी
ताई