आईच्या बसण्यापुरती जागा

प्रिय डोलोरेसताई,

तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे ईरी गावात बर्फ ओसरला का? भावोजी गेल्यानंतरचा हा तुझा पहिला हिवाळा, दारातला बर्फ एकटीने उपसत बसू नकोस. आम्ही पिट्सबर्गला मजेत आहोत. (असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.)

आईचं सांगते. चर्चच्या तळघरात पिरोगी, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळायला ती दर गुरुवारी जाते, हे तुला ठाऊकच आहे. चाळीस वर्षांत तिने तीन गुरुवार चुकवले, त्यातला एक तुझ्या जन्माचा, असं ती अजून ऐकवते. (तुझं वय पन्नाशीपुढचं आहे, पण आईच्या हिशेबात कोण पडणार!) आता तिची कंबर अर्ध्या चढावर, त्या बंद पडलेल्या औषधाच्या दुकानापाशी, संपावर जाते. पाच मिनिटं टेकली की पुढचा चढ चढते. पण टेकायचं कुठे? फुटपाथ इतका अरुंद की बाक ठेवला तर माणसाने त्याच्यावरून उडी मारावी. गाडीतून नेतो म्हणणारे पुष्कळ आहेत, पण आई म्हणते, "गाडीत बसलं की वाटेत कुणी भेटत नाही."

म्हणून मी पालिकेकडे अर्ज केला, की दुकानापुढची एका गाडीची जागा काढून तिथे बाक टाका. दोन वर्षांनी सुनावणी लागली. विरोध करायला छत्तीस जण आले, सगळे गाडीने. गाड्या लावायला जागा मिळेना म्हणून सुनावणी पाऊण तास उशिरा सुरू झाली, आणि तोच उशीर त्यांनी पुरावा म्हणून मांडला. बाजूने मी आणि आई. आई झोपली होती, कारण तिथे बाक होता. अर्ज फेटाळला. त्या संध्याकाळी मी घरी येऊन खूप रडले, आणि आई मला म्हणाली, "अगं, छत्तीस माणसं भेटली, ते काय कमी आहे?"

मग फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. आपल्या गल्लीचा कायदा तुला सांगायला नको. ज्याने बर्फ उपसून खुर्ची ठेवली, गाडी लावायची जागा त्याची, मग प्रत्यक्ष बिशप येवो. मी दुकानापुढची जागा उपसली आणि स्वयंपाकघरातल्या दोन पिवळ्या खुर्च्या मांडल्या. ताई, कुणी हात लावला नाही! दोन गुरुवार आई तिथे राणीसारखी बसली. येणारेजाणारे थांबायचे, दुसऱ्या खुर्चीवर टेकायचे, कुणाचं पोट दुखतंय इथपासून कुणाची मुलगी परत आली इथपर्यंत सगळं कळायचं. मला वाटलं, रस्ता म्हणतात तो हाच असावा.

तिसऱ्या गुरुवारी समोरचा वॉल्ट ग्रुबर आला. "मावशी, गाडी कुणाची यायचीय?" आई ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत खोटं बोलत नाही. "गाडी कुठली रे? मीच बसते." तो बिचारा खरंच गोंधळला. "मावशी, रस्ता काय माणसं बसवायला असतो?" त्याने खुर्च्या झटकून, अगदी अदबीने, आमच्या ओसरीवर आणून ठेवल्या. जेवणवेळेला तिथे त्याची गाडी. पुढच्या गुरुवारी आई त्याच गाडीला टेकली, तर गाडी बोंबलायला लागली. वॉल्ट धावत आला आणि त्याने गाडीची विचारपूस केली.

त्यानंतर दोन गुरुवार ती गेलेली नाही. एप्रन घडी करून दाराशी ठेवलेला आहे. मी तो उचलत नाही, तीही उचलत नाही.

तुझी धाकटी,
इरीना

ता. क. भावोजींची ती तपकिरी गाडी अजून विकली नाहीस ना? चालू होत नाही, ते उत्तमच. दर नाताळात मी तिला नावं ठेवली, ते सगळं मागे घेते. तिला ओढून आणून दुकानापुढे लावू. आई आत बसेल. काच हाताने खाली होते ना, एवढं कळव.

ता. क. २. वॉल्टला सांगितलं की ताईची गाडी यायचीय. त्याने लगेच आपली गाडी काढली आणि खुर्च्या स्वतः नेऊन मांडल्या. आई या क्षणी तिथेच बसली आहे. विचारलं की म्हणते, गाडीची वाट बघतेय. (मी हे पत्र टाकतेय, म्हणजे तिचं ते खोटं नाही.)

तेव्हा ताई, हो म्हण, नाही म्हण, पण ईस्टरपर्यंत उत्तर पाठवू नकोस.