आईनं चाटवलेला मध

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सोमनाथ यास ताईचे आशीर्वाद.

माझ्या निवृत्ती समारंभाचं कात्रण तू फ्रेम करून पाठवलंस, ते मिळालं. फोटोत मी लई थकलेली दिसते. तुझ्या बायकोचा, दीपमालेचा गुडघा आता बरा असेल. चिकलठाणा इथून अर्ध्या तासावर, तरी ताईनं पत्र कशाला लिहिलं, म्हणून हसशील. हस. समोर आले की तू आधी चहा टाकायला सांगतोस आणि माझं बोलणं राहून जातं.

येत्या गुरुवारी तू सुपारी फोडायला येणार. माझा कृष्णा आणि तुझी श्रेया, मामाचीच पोर, म्हणून दोन्ही घरं खूश आहेत. पण गुरुवारी येऊ नकोस. श्रेयात काही कमी नाही, पोरगी सोन्यासारखी आहे. कारण माझ्या पहिल्या बाळाचं आहे.

चौथ्या दिवशी गेला तो. आईनं जन्मल्या-जन्मल्या मध चाटवला, तोच बाधला, असं सगळ्यांनी धरलं. तूही. श्रेया झाली तेव्हा सव्वा महिना तू आईला तिला हातात घेऊ दिलं नाहीस. तुला एकट्याला कशाला बोलू? कृष्णाच्या बाळंतपणाला मीही माहेरी आले नाही.

त्या बाळाच्या रक्ताचे चार थेंब डॉक्टरांनी जाड टिपकागदावर घेतले होते. तो कागद मी जपून ठेवला. उपजत आजारांच्या संशोधनात आयुष्य घातलं ते त्या कागदापायी. २०१३ साली प्रयोगशाळेत त्यातून उत्तर निघालं. दुधातली प्रथिनं त्याच्या शरीराला झेपत नव्हती, त्यांचं विष होत होतं. मधाचा काही संबंध नव्हता. चार दिवस मीच त्याला छातीशी धरून पाजत होते, सोमा.

हा दोष आईकडूनही आणि बापाकडूनही आला तरच बाळ आजारी पडतं. मला आत्याच्याच घरी दिलेली. ह्यांच्यात तो आत्याकडून आला, माझ्यात आपल्या वडिलांकडून. आईच्या रक्तात तो नव्हताच. शुगर तपासायला घेतलेलं तिचं रक्त मी तिला न सांगता तपासलं होतं.

आई २०१९ला गेली. मधली सहा वर्षं मी परक्या आयांना रोज समजावत होते, की बाई, तुझी काही चूक नाही. हिला एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दूध कुणाचं होतं, हेही सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत मला झाली नाही. शेवटच्या आजारात तिनं माझा हात धरला. "मंजू, मध मी दोनदा गाळून घेतला होता गं."

मी म्हटलं, झोप आता.

कृष्णाला काल सगळं सांगितलं. त्याचं रक्त तपासलंय, त्यात दोष आहे, पण त्याला स्वतःला त्रास नाही. श्रेयात असेलच असं नाही. सोबत तसाच एक कोरा टिपकागद ठेवलाय. तिला हे पत्र वाचू दे आणि तिला वाटलं तरच बोट टोचू दे. दोघांतही निघाला, तर प्रत्येक खेपेला चारात एक बाळ तसं होण्याची भीती. मग लग्नाचं काय ते दोघं ठरवतील. पण माहीत असून मी गप्प बसले, असं दुसऱ्यांदा नको.

आणि आईच्या फोटोसमोर हे एकदा मोठ्यानं वाच. माझ्यानं होत नाही.

आईला 'झोप' म्हणालेली,
तुझी मंजूताई